आमगावचा आवाज कुठे अडतो?

मोबाइलवरून साधा फोन लावला, तर पलीकडच्या माणसाचा श्वासही ऐकू येतो. त्याच मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडून कंपनीच्या सॉफ्टफोनवर, म्हणजे संगणकातल्या फोन-ॲपवर, कॉल घेतला, की आवाज तुटायला लागतो. टॉवर तोच, खोली तीच, बोलणारी मुलगीही तीच. ग्राहक दोनदा ‘हॅलो’ म्हणतो आणि फोन ठेवून देतो. मग पुण्याहून टीम लीडरचा निरोप येतो : तुमच्या गावचं नेट खराब आहे.

तालुक्याच्या गावातून घरी बसून कॉल घेणाऱ्या कुणालाही हा निरोप ओळखीचा वाटेल. तो अनेकदा चुकीचा असतो आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.

साधा फोन आता साधा राहिलेला नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, तेव्हापासून फोर-जीवरचा नेहमीचा कॉलही इंटरनेटच्याच पद्धतीनं, आवाजाचे बारीक तुकडे करून जातो. त्याला व्होल्टी म्हणतात. फरक इतकाच, की टॉवर या तुकड्यांना ओळखतो आणि त्यांच्यासाठी ठरावीक वेगाची वेगळी वाट राखून ठेवतो. शेजारच्या घरात कुणी सिनेमा उतरवत असलं, तरी त्या वाटेवर गर्दी होत नाही. लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनचे तुकडे मात्र टॉवरच्या लेखी इतर डेटासारखेच. एवढ्यावर बहुतेक वेळा निभावतं, कारण आवाजाला जागा फारच थोडी लागते. खरी अडचण पुढे, कंपनीच्या दारात सुरू होते.

ती समजून घ्यायला आमगावचंच उदाहरण घेऊ. हे मुंबई–हावडा लोहमार्गावरचं गाव. गोंदियाहून पूर्वेकडे निघालं की गुदमा, मग आमगाव, पुढे सालेकसा, दरेकसा आणि डोंगरगड. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश दोन्ही हाकेच्या अंतरावर. मराठी, झाडीबोली, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी अशा भाषा इथं एकाच बाजारात ऐकू येतात. भवभूतीचं पद्मपूर ते आमगावजवळचंच, असं वा. वि. मिराशींनी मांडलं, गावातल्या महाविद्यालयालाही भवभूतीचं नाव आहे. इथून पदवी घेतलेली मुलं नागपूर, पुणे, हैदराबाद धरतात आणि भाऊबीजेनंतर मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, परततात. गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटक चालतं. त्यानंतर गाड्या भरभरून मुलं पुन्हा निघून जातात.

त्यांच्यातल्या काहींना न जाताही काम करता यावं, अशी वाट सरकारनं पाच नोव्हेंबर २०२०ला मोकळी केली. त्याआधी कॉल सेंटरला दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. माणसाला घरून कॉल घेऊ द्यायचा, तर परवानगी, सुरक्षा ठेव आणि ठरावीक प्रकारची खासगी जोडणी अशा अटी होत्या. टाळेबंदीच्या तोंडावर मार्च २०२०मध्ये त्या तात्पुरत्या सैल झाल्या, नोव्हेंबरच्या नियमांनी नोंदणीच काढून टाकली आणि ‘देशात कुठूनही काम’ मान्य झालं. २३ जून २०२१च्या नियमांनी देशी आणि विदेशी कॉल सेंटर हा भेदही पुसला. सरकार इतकी वर्षं कडक होतं, त्याला कारणही होतं. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल सिम बॉक्समध्ये घालून स्थानिक नंबराचा करून सोडणारी बेकायदा एक्स्चेंजेस आजही सापडतात. पुण्यात कोंढव्याला दहशतवादविरोधी पथकानं २०२४मध्ये असंच एक पकडलं. त्यामुळे ढील मिळाली ती कामाच्या जागेपुरती. भारतीय नंबराशी होणारा कॉल परवानाधारक कंपनीच्या जाळ्यातूनच जायला हवा, ही अट कायम आहे.

आता आमगावात घरून कॉल घेणारी एक पदवीधर मुलगी डोळ्यांसमोर आणू. घरात फायबर आहे, हेडसेट आहे, इन्व्हर्टर आहे. मराठीतला ग्राहक आला तर मराठीत, रायपूरचा आला तर हिंदीत, राजनांदगावचा आला तर छत्तीसगढीत बोलू शकते. पुण्यातल्या कंपनीला अशी माणसं पुण्यात सहज मिळत नाहीत. कंपनीनं तिला लॅपटॉप दिला आहे. त्यात सॉफ्टफोन आहे आणि एक सुरक्षा एजंटही आहे. एजंट म्हणजे इथं माणूस नव्हे, लॅपटॉपमध्ये सतत चालणारं छोटं सॉफ्टवेअर. लॅपटॉपमधून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट ते आधी कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या क्लाउडमधल्या तपासणी केंद्राकडे पाठवतं. तिथं ती उघडली जाते, तपासली जाते, पुन्हा बंद होते आणि मग पुढे जाते.

ही तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये काढले. २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि रुग्णांची नोंदणी कितीतरी दिवस कागदावर चालली. पूर्वी ऑफिसच्या चार भिंतींना एक फायरवॉल पुरायची. माणसं घरोघरी विखुरली, तशी फायरवॉल क्लाउडमध्ये गेली. ते बरोबरच झालं. पण ही यंत्रणा वेबपान, ईमेल, फाइल अशा गोष्टी समोर ठेवून बांधलेली आहे. फाइल अर्धा सेकंद उशिरा आली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. तिचा एखादा तुकडा वाटेत हरवला, तर तो परत मागवता येतो.

आवाजाचं तसं नाही. जुन्या, सर्वमान्य जी-७११ पद्धतीत आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. म्हणजे प्रत्येक दिशेला सेकंदाला ५० तुकडे, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर पत्त्याचे ४० बाइट. सगळं मिळून एका दिशेला ८० किलोबिट. आजच्या फायबरवर हे काहीच नाही, आणि ओपससारख्या नव्या पद्धतींना तर याहूनही कमी पुरतं. म्हणून ‘नेटचा स्पीड वाढवून घ्या’ हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो. आवाजाला वेग नको, वेळ हवी. तोंडातून निघालेला शब्द दीडशे मिलिसेकंदांत कानाशी पोचला, तर संभाषण सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा जी-११४ हा दंडक सांगतो. हरवलेला तुकडा परत मागवला, तर तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. अशा उशिरा आलेल्या तुकड्याचा काही उपयोग नाही. त्यामुळे आवाज यूडीपी या पद्धतीनं जातो, जिच्यात पोच मागण्याची भानगडच नाही.

आमगावच्या स्टेशनावर उभं राहिलं की हे चटकन कळतं. मेल येणार असली की मालगाडी लूप लाइनवर घेतात. मालगाडी तासभर थांबली तरी कोळसा नासत नाही. मेल थांबली तर सगळं वेळापत्रक कोसळतं. कंपनीच्या सुरक्षा यंत्रणेत मात्र अनेकदा सगळ्याच गाड्या लूपवर घेऊन डबा न् डबा उघडून पाहतात.

अंतराचा बाऊ करण्यासारखं काही नाही, हेही सांगून टाकतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. आमगाव ते मुंबई रेल्वेनं हजार किलोमीटरच्या आसपास. प्रकाशाला त्यासाठी पाच मिलिसेकंद पुरतात. फायबर वळणावळणानं जातं, मध्ये यंत्रं लागतात, म्हणून याच्या तिप्पट धरा, तरी दीडशेच्या मर्यादेत भरपूर शिल्लक उरते. आमगाव दूर आहे म्हणून आवाज तुटतो, ही समजूत या हिशेबापुढे टिकत नाही.

मग तो तुटतो कुठे? पहिली जागा म्हणजे भलतंच तपासणी केंद्र. एजंटनं मुंबईचं किंवा चेन्नईचं केंद्र निवडायला हवं, पण पत्ता शोधण्याची सेटिंग चुकली तर तो सिंगापूरचं केंद्र धरून बसतो. नागपूरच्या ग्राहकाशी बोललेला शब्द समुद्र ओलांडून जातो आणि परत येतो. जाऊन-येऊन आठ हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या तंतूतलेच चाळीस मिलिसेकंद वाढले. तपासणीला लागणारा वेळ वेगळाच, आणि तो दर क्षणी सारखाही नसतो. या कमी-जास्त होण्याला जिटर म्हणतात. ऐकणाऱ्याला जो ‘रोबोटसारखा आवाज’ वाटतो, तो पुष्कळदा याच जिटरमुळे.

दुसरी जागा म्हणजे बोगदा. लॅपटॉप ते केंद्र ही वाट सुरक्षित असावी म्हणून एजंट बोगदा, म्हणजे टनेल, तयार करतो. तो टीसीपी पद्धतीचा असेल, तर एक तुकडा हरवल्याबरोबर मागचे सगळे तुकडे त्याची वाट पाहत थांबतात. पोच मागू नये म्हणून ज्या आवाजाला यूडीपीत घातलं, त्याला पुन्हा पोच मागणाऱ्या बोगद्यात कोंबलं, असा हा प्रकार. गावाकडे फायबरवर अधूनमधून एखादा टक्का तुकडे हरवतात. नुसत्या यूडीपीवर ते कानाला कळतही नसतं; टीसीपीच्या बोगद्यात त्याचाच अर्ध्या सेकंदाचा खड्डा होतो. दोष गावाच्या माथी जातो तो इथंच. पुण्याच्या स्वच्छ लाइनवर हा खड्डा दिसतच नाही, त्यामुळे पुण्यात बसून चाचणी करणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

तिसरी तऱ्हा सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी. घंटी वाजते, कॉल उचलला जातो, घड्याळ सुरू होतं. पण ग्राहकाचा आवाज येतो आणि आपला जात नाही, किंवा उलट. याचं मूळ असं, की इंटरनेट फोनमध्ये बोलावणं आणि बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या वाटांनी जातात. बोलावणं सिप या नियमावलीनं, बहुधा ५०६० किंवा ५०६१ क्रमांकाच्या पोर्टावरून. बोलणं आरटीपीनं, भलत्याच पोर्टांवरून. ॲस्टेरिस्क या प्रसिद्ध मोफत एक्स्चेंज सॉफ्टवेअरमध्ये मुळातच दहा हजार ते वीस हजार अशी पोर्टांची रांग ठरलेली असते. फायरवॉल सांभाळणाऱ्यानं ‘सिपचं पोर्ट ओपन केलंय’ म्हणून तक्रारीचं तिकीट बंद केलं, तर घंटी वाजणार आणि शांतता ऐकू येणार. त्यात घरच्या राउटरची भर. कित्येक राउटरांत ‘सिप एएलजी’ नावाची सोय मुळातच चालू असते. मदत करायची म्हणून ती सिपच्या निरोपातले पत्ते बदलते आणि बहुधा बिघडवते. ती बंद करणं हा पहिला इलाज. फायबर बसवणाऱ्या स्थानिक मुलाला फोन करून ती बंद करून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे.

एक सूक्ष्म दोष राहिलाच. फोन ‘ऑनलाइन’ दिसतो, पण आलेला कॉल वाजत नाही. यूडीपीच्या वाटेवर काही काळ हालचाल नसली, की फायरवॉल ती वाट बंद करते. किमान दोन मिनिटं तरी ती उघडी ठेवावी असं इंटरनेटची मानकं सांगतात. अनेक यंत्रं तीस सेकंदांतच बंद करतात. सॉफ्टफोननं वीस-पंचवीस सेकंदांनी एक रिकामा निरोप पाठवत राहावं, एवढ्यानं हे सुटतं. पण दोन्ही बाजूंची सेटिंग एकाच माणसानं एकत्र पाहिली पाहिजे, आणि घोडं तिथंच अडतं. फोनचा विभाग वेगळा, सुरक्षेचा वेगळा, दोघांचे पुरवठादार वेगळे. प्रत्येकाच्या पडद्यावर हिरवा दिवा असतो आणि आमगावच्या मुलीला कॉल येत नाही.

वैतागून लोक जो उपाय करतात तो धोक्याचा आहे. सॉफ्टफोनला सुरक्षेतून सरसकट सूट दिली जाते. ‘व्हाइटलिस्ट करून टाका’ असं म्हणतात आणि टाकतात. त्याचं काय होऊ शकतं, ते मार्च २०२३मध्ये जगानं पाहिलं. थ्रीसीएक्स या कंपनीचं फोन-सॉफ्टवेअर सहा लाख कंपन्या वापरतात, असं ती कंपनीच सांगे. त्या महिन्यात काही ग्राहकांच्या सुरक्षा सॉफ्टवेअरनं थ्रीसीएक्सच्या डेस्कटॉप ॲपवर बोट ठेवलं. कंपनीच्या खऱ्या सहीचं, अधिकृत अपडेटमधून आलेलं ॲप. त्यामुळे पुष्कळांना हा खोटा इशारा वाटला, काहींनी ॲपला सूटही देऊन टाकली. २९ मार्चला उघड झालं, की ॲपच्या आतच घुसखोरी झाली होती. मँडियंट या तपास संस्थेनं माग काढला, तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली. थ्रीसीएक्सच्या एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या संगणकावर वायदे व्यवहारांचं एक सॉफ्टवेअर उतरवलं होतं, ते आधीच दूषित होतं आणि त्यातून चोर थ्रीसीएक्समध्ये शिरले. मँडियंटनं त्यांचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. फोनच्या ॲपला आंधळी सूट दिलेल्या कंपन्यांत त्या आठवड्यात कुणाला झोप लागली असेल, असं वाटत नाही.

म्हणजे सूट द्यायची, पण ती आवाजाला, ॲपला नव्हे. हा फरक म्हणजे या सगळ्या कामाचा गाभा आहे. आजच्या सॉफ्टफोनमधून केवळ आवाज जात नाही. लॉगिन होतं, चॅट होतं, फाइली जातात, ॲप स्वतःचं अपडेट उतरवतं. हे सगळं तपासणी केंद्रातूनच जायला हवं. आवाजाचे तुकडे मात्र बहुधा एसआरटीपीनं, म्हणजे आरटीपीच्या कुलूपबंद रूपानं, सांकेतिक झालेले असतात, त्यांची किल्ली दोन टोकांपाशी असते; केंद्राला त्यात काही वाचता येत नाही. त्यांना थांबवून सुरक्षा काडीचीही वाढत नाही, फक्त उशीर वाढतो. म्हणून नियम असा अरुंद लिहावा लागतो : अमुक ॲप, अमुक कंपनीनं जाहीर केलेले पत्ते, अमुक पोर्ट, आणि फक्त यूडीपी. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या आवाजासाठी ३४७८ ते ३४८१, झूम मीटिंगसाठी ८८०१ ते ८८१० ही पोर्टं त्या कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेली आहेत. एवढेच तुकडे घरच्या फायबरवरून थेट, भारतातल्या जवळच्या केंद्राकडे जाऊ द्यायचे. पत्त्यांच्या याद्या बदलत असतात, म्हणून नियम एकदा लिहून विसरायचा नाही. कुणाच्या तरी नावावर तो असला पाहिजे.

सिप थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नये, हे वेगळं सांगायला हवं. ५०६० पोर्ट उघडं दिसलं, की दिवस उजाडायच्या आत कुठून तरी पासवर्ड चाचपायला सुरुवात होते. एखादा लागला, तर रात्रीतून परदेशी महागड्या नंबरांवर कॉल लावले जातात आणि बिल कंपनीच्या माथी येतं. मध्ये एसबीसी, म्हणजे कॉलची सीमा राखणारं यंत्र असावं, निरोप टीएलएसनं, म्हणजे सांकेतिक होऊन, जावेत, आणि ज्या कर्मचाऱ्याला आयएसडीची गरज नाही त्याचं आयएसडी बंद असावं. नोंदींचंही तसंच. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२च्या आदेशानुसार १८० दिवसांच्या नोंदी ठेवायच्या आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची आहे. आवाज थेट सोडला म्हणून त्याची नोंद सुटता कामा नये. कुणी, कधी, कुणाला, किती वेळ हे एसबीसीवर राहिलंच पाहिजे.

हा प्रश्न कॉल सेंटरपुरता असता, तर मी एवढा वेळ घेतला नसता. नोव्हेंबर २०१९पासून आरोग्य उपकेंद्रांत ई-संजीवनी आलं; मोहालीच्या सी-डॅकनं ते बांधलं. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवते आणि दुरून डॉक्टर पाहतो, विचारतो. तिथं चित्र अडकलं तर चालतं. आवाज तुटला, तर ‘दुखतं’ आणि ‘दुखत नाही’ यांतला ‘नाही’ गळून पडू शकतो. सरकारी जाळ्यावरही फायरवॉल असते आणि हेच सगळे नियम तिथंही लागू होतात. सालेकसा–देवरीकडच्या जंगलपट्टीत भारतनेटचं फायबर पंचायतीपर्यंत नेण्यासाठी एवढा खर्च करायचा आणि शेवटी दोन ओळींच्या नियमापायी बोलणं अडवायचं, याला काही अर्थ नाही.

आणीबाणीत मात्र सॉफ्टफोनचा भरवसा धरू नका. धानाच्या बांधावर साप चावला, तर १०८ किंवा ११२ साध्या मोबाइलवरूनच लावा. १०८चा फोन पुण्यातल्या नियंत्रण केंद्रात उचलला जातो आणि रुग्णवाहिका पाठवायला त्यांना तुमचं ठिकाण कळावं लागतं. कंपनीच्या सॉफ्टफोनमागे ठिकाण दिसेल ते कंपनीचं, तुमच्या बांधाचं नव्हे. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑक्टोबर २०१७च्या शिफारशींतही इंटरनेट फोनवर आणीबाणीच्या सेवेची सक्ती केली नव्हती. ग्राहकाला ही मर्यादा सांगावी, असं म्हटलं होतं.

राहता राहिली चाचणी. ती पुण्याच्या ऑफिसात करू नये. आमगावात करावी, घरच्या फायबरवर करावी, आणि देवरी रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटल्यावर ती मुलगी ज्या मोबाइल नेटवर जाणार, त्यावरही करावी; कारण नेट बदललं की वाट बदलते आणि फायबरसाठी लिहिलेला नियम मोबाइलवर लागू होईलच असं नाही. संध्याकाळी सात ते दहा, जेव्हा सगळं गाव नेटवर असतं, ती वेळ निवडावी. एजंट चालू असताना आणि आवाजाला थेट वाट दिल्यावर, असं दोनदा मोजावं : हरवलेले तुकडे एक टक्क्याच्या आत, जिटर तीस मिलिसेकंदांच्या आत, एका दिशेचा उशीर दीडशेच्या आत. पहिल्या मोजणीत आकडे बिघडलेले आणि दुसरीत सुधारलेले दिसले, तर गावच्या नेटचा विषय तिथंच संपतो.

हे आकडे कंपनीकडे प्रत्येक कॉलमागे जमा होतच असतात. कॉलचा क्रमांक आणि सेकंदासकट वेळ दिली, की त्या कॉलमध्ये किती तुकडे हरवले हे कोणताही जाणकार एसबीसीवर पाहू शकतो. मग महिनाअखेरीच्या तक्त्यात तो कॉल मुलीच्या कामगिरीतून वगळायला काय हरकत आहे? तुटलेल्या कॉलमुळे तिचा सरासरी वेळ वाढतो, ग्राहकाचे तारे कमी होतात आणि प्रोत्साहनाचे पैसे कापले जातात. फायबर तिनं स्वतःच्या पैशानं घेतलंय, इन्व्हर्टरही तिचाच आहे. वाट कुठून काढायची हे ठरवण्याचा अधिकार कंपनीनं स्वतःकडे ठेवला आहे, तर त्या वाटेवर गळालेल्या शब्दांचा हिशेबही कंपनीच्याच खात्यात लिहिला गेला पाहिजे, आणि कामाच्या करारात तसं एक कलम असलं पाहिजे.